घर कशाला जोडलंय

केतकीने लोखंडी कपाट चार बोटं डावीकडे सरकवलं. त्यासाठी ना कुणाला खांदा द्यावा लागला, ना फरशीवर ओरखडा उठला. कळफलकावरचं बाणाचं बटण तिने आठ वेळा दाबलं, इतकंच. समोरच्या रिकाम्या दालनात सर्जेराव झांबरे उभे होते. डोळ्यांवर जाड चष्मा, डोक्यावर राखाडी टोपी, आणि पायाखाली माणूस वळेल त्या दिशेला सरकणारा पट्टा. दालनात त्यांच्याखेरीज एक वस्तू नव्हती. चष्म्यातून मात्र त्यांना तासगावातलं स्वतःचं घर दिसत होतं. एकामागे एक तीन खोल्या, आणि मधल्या खोलीत ते कपाट. त्यांनी कपाटाकडे निरखून पाहिलं, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"घर बरं हाय," परक्याकडे चहा घेऊन झाल्यावर म्हणावं तसं ते म्हणाले. "पर उशीर झाला. आमाला आता आमच्या घरी जायला पायजे."

कडेच्या बाकावर त्यांची बायको बसली होती, मालनकाकी. त्यांनी मान खाली घातली. मेंदू आणि समोरचं घर किती जुळतात हे सांगणारा केतकीच्या पडद्यावरचा आकडा एक्केचाळीसवर थांबला होता. तो सत्तरच्या पुढे गेल्याशिवाय मेंदू कुठल्याही जागेला आपली म्हणत नाही, असा मिरजेच्या या मेंदू-पुनर्वसन केंद्राचा सहा वर्षांचा अनुभव होता.

त्या टोपीला केंद्रातले सगळे ठावटोपी म्हणत. आपल्या मेंदूत खोलवर, साधारण कानांच्या पातळीला, काही पेशी असतात. आपण कुठे आहोत याची नोंद ठेवणं एवढंच त्यांचं काम. माणूस चालू लागला की त्या ठरावीक अंतराने पेटतात, आणि पेटण्याच्या जागा कागदावर मांडल्या तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी उमटते. म्हणून त्या जाळीपेशी. अशा पेशी असतात हे शास्त्रज्ञांना कधीचंच ठाऊक होतं. कवटीला हात न लावता, नुसती टोपी घालून ती जाळी वाचता येऊ लागली ती मात्र अलीकडे. ज्यांची जाळी विस्कटली आहे त्यांना घर परकं वाटतं. सर्जेरावांना बायको ओळखू यायची, मुलाचा फोन नंबर पाठ होता, आजचा वारही ते बरोबर सांगत. फक्त जागा ओळखण्याचं तेवढं गेलं होतं. राहत्या घरात बसून ते बायकोला म्हणत, चल, या लोकांना किती दिवस त्रास द्यायचा, आपण आपल्या घरी जाऊ.

आणि हा माणूस जन्मभर भूकरमापक होता. पस्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून कुणाची हद्द कुठे संपते ते त्याने सांगितलं, आणि आता त्याला स्वतःचा उंबरा सापडत नव्हता. देवाला असले विनोद कसे सुचतात कोण जाणे.

घरी जायला म्हणून ते दोनदा बाहेर पडले होते. दुसऱ्या खेपेला बाह्यवळण रस्त्यावर, मालमोटारींच्या मधोमध सापडले. त्यानंतर पुण्याच्या मुलाने सांगलीत एक सांभाळगृह पाहिलं होतं. बागबगीचा होता, डॉक्टर होते, आणि फाटकाला बाहेरून कुलूप होतं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून तिथे त्यांची खोली ठरली होती. मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता. मालनकाकींनी त्याच्याकडून तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली होती, आणि त्यातले पाच दिवस कपाट इकडेतिकडे करण्यातच गेले होते.

केतकी या केंद्रात मांडणीकार होती. त्याआधी दहा वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत तिने खेळांचे नकाशे बांधले होते. किल्ले, बाजारपेठा, जंगलं, लाखो खेळाडू धावत सुटतील अशी गावं. तिने रचलेल्या भिंतीत दगडादगडाच्या मधून उजेडाची रेघ दिसायची नाही, अशी तिची ख्याती होती. त्या कामातली विद्याच इथे उपयोगाला येत होती. रोग्याचं घर यंत्राने टिपून आणायचं, संगणकात उभं करायचं, आणि मेंदू ते स्वीकारेपर्यंत एकेक वस्तू हलवून पाहायची. खऱ्या घरात कपाट चार वेळा हलवायचं तर चार माणसं लागतात. इथे एक बोट पुरतं. मेंदूने पसंत केलेली मांडणी मग खऱ्या घरात करायची, अशी ही पद्धत.

पण खेळासाठी बांधणं निराळं आणि हे निराळं. खेळाच्या नकाशाखाली चौकोनी चिकटजाळी असते. वस्तू जवळ नेली की आपोआप रेघेला चिकटते, म्हणजे भराभर काम होतं आणि सगळं ओळीत दिसतं. माणसाचं घर असं रेघेला चिकटलेलं नसतं. केतकीने पहिल्याच दिवशी चिकटजाळी बंद केली आणि वस्तू केसाकेसाने सरकवायला घेतल्या. पलंग भिंतीपासून नेमका वीतभर हवा असेल तर वीतभर जाडीचा एक ठोकळा बनवायचा, तो भिंतीला टेकवायचा, पलंग ठोकळ्याला टेकवायचा आणि ठोकळा पुसून टाकायचा. भिंतीवरचं कॅलेंडर भिंतीच्या अगदी पातळीत बसवलं तर पडद्यावर दोन्ही लुकलुकत राहतात, कारण वर कुणी यायचं ते यंत्राला ठरवता येत नाही. मग कॅलेंडर एक केसभर पुढे ओढायचं. असल्या शंभर क्लृप्त्या तिच्यापाशी होत्या, आणि त्या सगळ्या वापरूनही आकडा एक्केचाळीसच्या वर हलत नव्हता.

सहाव्या दिवशी दुपारी चहाच्या वेळेला सर्जेराव तिच्या शेजारी येऊन बसले. पडद्यावर घराचा वरून पाहिल्यासारखा आराखडा उघडा होता. कपातला चहा तसाच ठेवून त्यांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला. आराखड्यावरून बोट फिरवत ते एकेका भिंतीपाशी थांबत गेले. शेवटी त्यांनी विचारलं की मोजणी कुणी केली. तिने सांगितलं, मीच केली.

"शेजाऱ्यावरनं शेजारी मोजलास न्हवं?" ते म्हणाले. आवाजात साहेबी धार आली होती. "दारावरनं कपाट, कपाटावरनं पलंग, पलंगावरनं शिवायची मशीन. अर्धं बोट हितं चुकलं, अर्धं तितं. परड्यात जाईपर्यंत तुझी भिंत दुसऱ्याच्या रानात गेली की."

केतकीने मापं तपासली. घरामागच्या परड्याकडची भिंत खरोखरच वीतभर वाकडी गेली होती. यंत्राने टिपलेलं घर खोलीखोलीने तुकड्यांत येतं, आणि ते तुकडे तिने एकाला एक टेकवत जोडले होते. प्रत्येक सांध्यातली चूक इतकी बारीक की डोळ्याला दिसू नये, पण ती साठत गेली होती.

"मग कसं मोजायचं काका?"

"आदी हलनार न्हाई आशी खूण धरायची. विहीर धर, शिवेचा दगड धर. झाड न्हाई, झाड लोक तोडत्यात. त्या खुणेवरनं एक सरळ रेघ वढायची आन काय मोजायचं ते त्या रेघेवरनं, काटकोनात. शेजाऱ्याचा शब्द घ्यायचा न्हाई."

एवढं बोलून त्यांनी चहा प्यायला आणि आमचं घर इथून किती लांब असं विचारलं. मालनकाकींनी पदराने डोळे पुसले. पण बऱ्याच दिवसांनी त्या हसल्याही, कारण मोजणीच्या जागेवर चुकलेल्या शिपायाला नवरा याच सुरात झापायचा.

केतकीने अख्खं घर मोडलं. पुढच्या दारापासून परड्याच्या भिंतीपर्यंत एक रेघ ओढली, आणि कपाटापासून पाण्याच्या पिंपापर्यंत सगळं त्या रेघेवरून नव्याने मांडलं. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सर्जेराव चष्मा लावून आत शिरले तेव्हा आकडा चढत चढत त्रेसष्टवर गेला. ते मधल्या खोलीत थांबले, भिंतीला हात लावल्यासारखा केला आणि हे घर कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय म्हणाले. मालनकाकींनी पिशवीतून बेदाण्यांची पुडी काढून केतकीच्या हातावर मूठभर बेदाणे ठेवले.

त्रेसष्टवर मात्र गाडी अडली ती अडलीच. आणखी पाच दिवस गेले. केंद्रातले डॉक्टर हुक्केरी म्हणाले, टोपी एकदा खऱ्या घरात नेऊन बघा, त्या घरात असं काहीतरी असेल जे तुमच्या नकाशात यायचं राहिलं. बोलणं पटण्यासारखं होतं. नकलेला त्रेसष्ट मिळाले तर अस्सल घराला ऐंशी तरी मिळावेत.

अस्सल घराला मिळाले अडतीस.

तासगावच्या त्या घराच्या बाहेरच्या खोलीत, मांडीवर संगणक घेऊन केतकी त्या आकड्याकडे पाहत राहिली. टोपी तीच, माणूस तोच. खऱ्या घराइतका बिनचूक नकाशा जगात दुसरा नसतो, आणि तिच्या नकलेपेक्षा तोच कमी जुळत होता. तिने टोपी पुन्हा बसवून पाहिली, यंत्र बंद करून चालू केलं. सदतीस.

सर्जेराव घरभर फिरत होते आणि मालनकाकी त्यांच्या मागे होत्या. ते स्वयंपाकघरात गेले की ह्या दारात उभ्या. ते परड्यात गेले की ह्या पायरीवर. ते न्हाणीघरात गेले तर ह्या कडीला हात लावून बाहेर थांबत आणि दर मिनिटाला, आहात न्हवं, असं विचारत. बाह्यवळण रस्त्यावरच्या त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. रात्रीसुद्धा त्यांचा एक हात नवऱ्याच्या सदऱ्याच्या टोकाला असे. टोपीचे संदेश टिपणाऱ्या यंत्राची झोळीही केतकीने त्यांच्याच खांद्याला अडकवली होती. एरवी मागे फिरणारच आहात तर तेवढं ओझं घ्या, म्हणून. मधल्या खोलीत खिडकीपाशी त्यांची पायमशीन झाकून ठेवलेली होती, आणि झाकणावर औषधांची खोकी रचली होती.

दुपारी सर्जेरावांचा डोळा लागल्यावर केतकीने सकाळची नोंद उलगडली. सगळी नोंद एकदम घराच्या आराखड्यावर ठेवली तर नुसता गिचमिडकाला दिसत होता. मग तिने ती मिनिटामिनिटाची कापली आणि एकेक तुकडा सुटा जुळवून पाहिला. पहिला तुकडा नव्वद टक्के जुळला. दुसराही. तिसरा ब्याण्णव. केतकी सरळ होऊन बसली. जाळी विस्कटलेली नव्हतीच. प्रत्येक मिनिटाला ती शाबूत होती, पण प्रत्येक मिनिटाला ती निराळ्या जागी होती. एकदा दोन हात उत्तरेला, एकदा हातभर पश्चिमेला. सर्जेरावांच्या डोक्यात घर अख्खंच्या अख्खं होतं, फक्त ते सारखं कुठेतरी सरकत होतं.

आणि तिला बैल आठवला.

नोकरीच्या पहिल्या वर्षी केलेली ती चूक आठवली की अजूनही तिचे कान तापत. नकाशात एक वस्तू दुसरीला जोडता येते, म्हणजे मोठी हलली की धाकटी आपोआप तिच्याबरोबर हलते. टेबल हललं की वरचा कंदील हलावा, यासाठीची ही सोय. केतकीने घाईघाईत एक अख्खं गाव, देवळासकट, चुकून चौकातल्या बैलाला जोडलं. कागदावर सगळं जागच्या जागी होतं, एक घर तसूभर वाकडं नव्हतं. खेळ सुरू झाला, बैल चरायला निघाला, आणि त्याच्यामागोमाग गाव चालू लागलं. कंपनीतले लोक खुर्च्यांवरून पडेपर्यंत हसले होते. चार दिवस ती घराघराची मापं तपासत बसली होती, आणि चूक कुठल्याच घरात नव्हती.

तेव्हा प्रश्न असा होता, की सर्जेरावांचं घर कशाला जोडलंय?

झोळीतलं यंत्र स्वतः कुठून कुठे गेलं याचीही नोंद ठेवत असे. केतकीने ती वाट काढली. सकाळभर मालनकाकी कुठे कुठे उभ्या होत्या, त्याची ती रेघ होती. घर कसंकसं सरकलं याच्या रेघेवर तिने ती ठेवली. दोन्ही रेघा एकमेकींवर अशा बसल्या की पडद्यावर लुकलुकू लागल्या.

तिने संगणक मिटला. आता सगळंच सरळ दिसत होतं. मिरजेच्या दालनात काकी बाकावर बसून असत, जागच्या हलत नसत. म्हणून ते नकली घर निदान स्थिर होतं, फक्त त्यात काकींची जागा चुकली होती. इथे खऱ्या घरात काकी फिरत होत्या, म्हणून घर फिरत होतं. सर्जेरावांनी हलणार नाही अशी खूण धरून जन्मभर जमीन मोजली. घरात त्यांनी कोणती खूण धरली होती हे त्यांना स्वतःलाही कधी कळलं नसेल.

मालनकाकींना हे सांगणं सोपं नव्हतं. केतकीने शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या मशीनवरची औषधांची खोकी उगाचच सारखी करू लागल्या.

"चाळीस वर्सं हितंच बसले मी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "गावच्या बायकांची पोलकी शिवत. हे कुटल्याबी खोलीत असूदेत, मशीनचा आवाज असायचाच. गेल्या साली मोतीबिंदूचं आप्रेशन झालं तवा बंद केली." त्या थांबल्या. "आन तवापासनंच ह्यांचं सुरू झालं, घरी जायचं म्हणून. म्हंजे माज्यामुळंच की गं."

केतकीने त्यांचा हात धरला. आजार आधीपासूनच होता, हे तिने शपथेवर सांगितलं. पण त्या आजारातही काकांनी एक खूण घट्ट धरून ठेवली होती, आणि ती खूण त्यांच्या काळजीपोटी त्यांच्याच मागे चालू लागली. यात चूक कुणाची म्हणायची? केतकीला वाईट वाटत होतं आणि मनातून ती थक्कही झाली होती. दहा वर्षांत तिने लाखभर वस्तूंच्या जोडण्या केल्या असतील, पण इतकी पक्की जोडणी तिने पाहिली नव्हती.

"मग आता?" काकींनी विचारलं.

"आता तुम्ही मशीनवर बसायचं. ते कुठेही गेले तरी उठायचं नाही."

"आन ते रस्त्यावर गेले तर?"

जाणार नाहीत असं खोटं सांगणं केतकीला जमेना. पुढचं दार लावून घेऊ, एवढं ती म्हणाली. त्यावर काकींनी नकारार्थी मान हलवली. दिवसा आमच्या घराचं दार कधी लागलेलं नाही, त्या म्हणाल्या. दार लावलं तर ते ह्यांचं घर कसं होईल? एक तारखेला सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मालनकाकींनी मशीनवरचं झाकण काढलं. तेलाचे थेंब सोडले, डोळ्यांजवळ सुई धरून चौथ्या खेपेला दोरा ओवला, आणि जुन्या लुगड्याचा एक तुकडा घेऊन पाय चालवायला सुरुवात केली. मशीन दोनदा अडखळली आणि मग लागली. सर्जेराव बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते, डोक्यावर टोपी. केतकी मधल्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली. आकडा चव्वेचाळीस होता.

पाच मिनिटांनी सर्जेराव उठले. काकींचे खांदे आवळले, पण त्या उठल्या नाहीत. ते स्वयंपाकघरात गेले, माठातलं पाणी प्यायले, परड्यात गेले. पन्नास. अठ्ठावन्न. परड्यातून आत येऊन ते मशीनपाशी थांबले, बायकोकडे पाहिलं आणि पुढे गेले. एकसष्ट. पडद्यावर घराचं सरकणं थांबत आलं होतं. आणि मग ते उघड्या दाराकडे वळले.

दारात त्यांनी चपला पायांत घातल्या. रस्त्यावरून कुणाची तरी फटफटी गेली. मालनकाकींचे पाय थांबले, मशीन थांबली, आणि केतकीच्या डोळ्यांदेखत आकडा घसरू लागला. सर्जेरावांनी एक पाऊल बाहेर टाकलं. काकी अर्ध्या उठल्या होत्या. केतकीला ओरडावंसं वाटलं, बसा म्हणून, आणि तितक्याच तीव्रतेने वाटलं की धावत जाऊन आपणच म्हाताऱ्याला धरून आणावं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. काकी खाली बसल्या. त्यांनी डोळे मिटले, चाकाला हाताने गती दिली आणि पाय चालवू लागल्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि कापडावरची शिवण कुठल्या कुठे चालली होती.

सर्जेराव उंबऱ्याबाहेर उभे राहिले. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. मग वळले, चपला काढल्या, वाकून त्या एकमेकींना लावून ठेवल्या आणि आत आले. बाहेरच्या खोलीत क्षणभर थांबून त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मालन," त्यांनी हाक मारली. "हितं कोण बसलंय का? पंखा कशाला चालूय मग?"

खटकन बटण बंद झाल्याचा आवाज आला. मालनकाकी मशीनवर डोकं टेकून हुंदके देत होत्या आणि मधेच हसत होत्या, कारण पंख्यावरून चाळीस वर्षं त्यांनी बोलणी खाल्ली होती, आणि गेलं वर्षभर कुणी त्यांना एका शब्दानं बोललं नव्हतं. पाहुणा माणूस यजमानाचा पंखा बंद करत नाही. केतकीने पडद्यावर पाहिलं. शहाऐंशी.

सांगलीची खोली मुलाने सोडून दिली. लगेच नाही, आधी तो आला, चार दिवस राहिला, बापाने त्याला गिझर चालू ठेवल्याबद्दल झापल्यावर बाहेर जाऊन रडून आला, आणि मग त्याने फोन केला. काकींचा दिवस आता ठरून गेला. सकाळी दहा ते दुपारी पाच त्या मशीनवर. बाजारहाट शेजारीण करी. गावच्या बायकांची पोलकी पुन्हा येऊ लागली.

केतकी महिन्याला एक खेप घालायची. एकदा तिने मशीनचा आवाज टिपून घेतला आणि काकींना अर्धा तास शेजारी पाठवून तो मशीनपाशी लावून ठेवला. काकींना कधी दवाखान्यात जावं लागलं तर सोय असावी, असा तिचा हेतू होता. दहा मिनिटं आकडा ढळला नाही. मग सर्जेराव स्वयंपाकघरातून म्हणाले, "मालन, आज दोरा संपंना व्हय तुजा?" आणि ते पाहायला आले. रिकाम्या मशीनपुढे ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून केतकीने काकींना धावत बोलावून आणलं. तो प्रयोग तिने पुन्हा केला नाही.

त्याच संध्याकाळी काकी तिला म्हणाल्या की ती टोपी एकदा माझ्या डोक्यावर घाल. माझं घर कसं दिसतं ते बघू तरी. केतकी हसली. एवढा दिवसभर एका जागी बसून असणारा माणूस, त्याची जाळी जमिनीत पुरलेल्या दगडासारखी असणार. तिने टोपी काकींच्या अंबाड्यावर नीट बसवली. काकी मशीन चालवू लागल्या. सर्जेराव बाहेरच्या खोलीत होते. आकडा त्र्याण्णव. केतकी सांगणारच होती, तेवढ्यात सर्जेराव उठून दोरीवरचे कपडे काढायला परड्यात गेले.

पडद्यावरचं घर हललं. तीनही खोल्या, कपाट, मशीन, सगळं मिळून परड्याच्या दिशेने सरकलं, जसजसे ते लांब जात होते तसतसं. काकी जागच्या हलल्या नव्हत्या. केतकीने नोंद दोनदा तपासली.

नकाशाच्या यंत्रणेत दोन वस्तू एकमेकींना जोडता येत नाहीत. कपाट भिंतीला जोडा आणि मग तीच भिंत कपाटाला जोडायला जा, यंत्रणा साफ नकार देते, कारण मग दोघांनाही उभं राहायला जागा उरत नाही. केतकीने हा नियम नवशिक्यांना कितीदा तरी शिकवला होता. इथे दोन माणसं चाळीस वर्षं नेमकी तशीच जोडलेली होती, आणि त्यांच्यामध्ये तीन खोल्यांचं एक घर सरळ उभं होतं. कशाच्या आधाराने, ते तिला सांगता आलं नसतं. आणि यातलं एक माणूस जाईल तेव्हा दुसऱ्याचं घर सरकत सरकत कुठे जाऊन थांबेल, हेही.

मशीन थांबली. काकींनी दाताने दोरा तोडला.

"काय दिसतंय गं?" त्यांनी विचारलं. "माजं तरी जाग्यावर हाय न्हवं?"

परड्याच्या पायरीवर सर्जेरावांची पावलं वाजली. पडद्यावरचं घर हळूहळू माघारी येऊ लागलं होतं.

"थांबा काकी," केतकी म्हणाली. "काका आत येऊ देत. मग सांगते."

काकींचा टोपीपाशी गेलेला हात तिथेच राहिला. त्यांनी परड्याच्या दाराकडे पाहिलं, मग केतकीकडे.

"ते आत आल्यावर येगळं दिसतं व्हय?"